मंगळवारच्या मैत्रिणी: ओळख दारापर्यंतच का थांबते?

रानजाई
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, तेव्हा सांभाळून घ्या.

मी मूळची नाशिकची. गेल्या वर्षी स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला आले. नवऱ्याची नोकरी समुद्रात, तेलाच्या रिगवर. तीन आठवडे तिकडे, तीन आठवडे घरी. तो तिकडे असताना घरात मी एकटी, आणि डिसेंबरात तर दुपारी साडेतीनलाच दिवेलागण. नोकरी शोधणं चालू आहे, पण ते रडगाणं वेगळ्या धाग्यावर.

जवळच्या वाचनालयात दर मंगळवारी विणणाऱ्यांचा गट जमतो. ब्रिटनमध्ये असे गट गावोगाव आहेत आणि बहुतेकांचं नावही एकच, 'निट अँड नॅटर'. शाळेत असताना आईने दोन सुयांवरचं विणकाम शिकवलं होतं, तेवढ्या भांडवलावर गेले. दहा-बारा बायका, बहुतेक साठीच्या पुढच्या. चहाचा एक पौंड डब्यात टाकायचा, खुर्ची ओढायची आणि बसायचं. कोणी नातवंडांसाठी विणतं, कोणी हॉस्पिटलसाठी. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या टोप्या असतात, आणि 'ट्विडल मफ' म्हणून एक प्रकार असतो. दोन्ही बाजूंनी हात घालता येईल अशी लोकरीची नळी विणायची, तिला आतून-बाहेरून बटणं, चेन, रिबिनी, मणी पक्के शिवायचे. स्मृतिभ्रंश झालेल्या लोकांचे हात सारखे काहीतरी चाळवत असतात, त्यांना ते धरायला देतात. मी माझ्या मफला आईच्या जुन्या साडीचा जरीकाठ लावला, तर तो टेबलभर सगळ्यांच्या हातांतून फिरून आला.

म्हणजे बायका चांगल्या आहेत. दोन तास कसे जातात कळत नाही. पण चार वाजले की सगळ्या कोट चढवतात, 'पुढच्या मंगळवारी' म्हणतात आणि पांगतात. अजून एकीनेही घरी बोलावलेलं नाही. रस्त्यात भेटल्या तर हवेबद्दल बोलतात, हसतात आणि पुढे. नाशिकला एव्हाना एकमेकींच्या सुनांची भांडणं तोंडपाठ झाली असती.

तर विचारायचं हे की दूर गेल्यावर विणकाम, शिवण, सुतारकाम असल्या गटांतून तुम्हाला खरंच माणसं मिळाली का? आणि ती ओळख त्या खोलीबाहेर कशी आली? की आठवड्याचे दोन तास बरे गेले यातच समाधान मानायचं?

तिरकस_बोका
पहिला!

आमच्याकडे टोरंटोत बायको 'सहज बघून येते' म्हणून अशाच गटात गेली. माणसं किती जमली माहीत नाही, लोकर भरपूर जमली. पाहुण्यांच्या खोलीतलं कपाट उघडलं की अंगावर कोसळते. त्याला 'स्टॅश' म्हणतात म्हणे. मी 'अडगळ' म्हणालो, तर दोन दिवस अबोला.

शेवटची_लोकल
चांगला विषय. रुमाल टाकून ठेवतो, रात्री सविस्तर लिहितो.

चकवा
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माणसं हवी असतील तर आपल्या माणसांत जा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे. बोटीने जायच्या काळातही लोकांना ती गरज वाटलीच ना? स्कॉटलंडमध्येही मराठी माणसं गणपती बसवतात, शोधा. ज्यांना आपला प्रत्येक विनोद समजावून सांगावा लागतो त्यांच्यात किती दिवस रमणार? दोन तास हवेवर बोलायला लोकर कशाला हवी?

रानजाई
चकवा, राग कसला. गणपतीला गेले होते. आरती म्हणताना घसा दाटला, उकडीचे मोदकही मिळाले. पण पुढचा कार्यक्रम थेट दिवाळीत. मधल्या सगळ्या मंगळवारांचं काय करू?

निळाई
चकवा यांच्याशी अजिबात सहमत नाही.

मी श्टुटगार्टला आले तेव्हा जर्मन येत होतं ते परीक्षेपुरतं. इथे फोल्क्सहोखशूले म्हणून संस्था असतात, जवळपास प्रत्येक गावात. संध्याकाळचे स्वस्त वर्ग चालवतात, भाषेपासून स्वयंपाकापर्यंत. मी मोज्यांच्या वर्गात नाव घातलं. इकडे मोजे विणणं घरोघरी चालतं. शंभर ग्रॅम लोकर, तीत पाऊण हिस्सा लोकर आणि पाव हिस्सा पॉलिअमाइड, म्हणजे टाच लवकर झिजत नाही. तेवढ्यात मोठ्या माणसाचा एक जोड होतो.

पहिल्या दिवशी माझे हात बघून बाई थांबल्याच. मी धागा उजव्या हातात धरून सुईवरून फेकते, आपल्याकडे बऱ्याच जणी तशाच विणतात. इथे धागा डाव्या बोटावर आणि सुईच्या टोकाने उचलायचा. चार जणी खुर्च्या वळवून बघायला आल्या. 'हे असंही होतं?' माझी भाषा तुटकी, पण त्या दिवशी शिकवणारी मी होते. वर्गात तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटायचा, इथे सुईकडे बघत बोलताना व्याकरण चुकलं तरी कोणाचं लक्ष नसे. माझं जर्मन तिथेच सुटलं.

आता त्या सगळ्या जिवलग झाल्या का? नाही. दोघी झाल्या. पण मुंबईतही शेजारच्या अख्ख्या इमारतीत माझ्या दोनच मैत्रिणी होत्या.

खडीसाखर
निळाई, शेवटच्या वाक्याला +१.

ढ_विद्यार्थी
ज्यांच्या हाताला वळणच नाही त्यांनी काय करायचं? मला शाळेत शिवणाच्या तासाला रुमालाची कड दुमडायला सांगितली होती, मी रुमाल स्कर्टला शिवून घेतला होता. सध्या मुक्काम पोर्तो, पोर्तुगाल. एकटी.

तिरकस_बोका
@ढ_विद्यार्थी हसून हसून पुरेवाट! तुम्हाला घरी बोलावतीलच. सुया लपवून.

फौजीण
ढ_विद्यार्थी, लोकरीचे गुंडे करायला बस. लडी दोन हातांवर ताणून धरणारं माणूस प्रत्येक गटाला हवं असतं. माझी सुरुवात तिथूनच झाली.

नवरा फौजेत. लग्न होऊन सातारहून थेट डेहराडूनला. थंडीच्या दिवसांत तिकडच्या बायका दुपारी जेवणं उरकली की गच्चीवर नाहीतर अंगणात उन्हात येऊन बसतात. चटया, खाटा, मटार सोलायची ताटं आणि प्रत्येकीच्या हातात सुया. बोलावणं वगैरे काही नसतं, ऊन आलं की यायचं. आणि तिथे एक अजब रीत बघितली. रस्त्यात अनोळखी बाई तुम्हाला थांबवते, तुमच्या स्वेटरचा काठ चिमटीत धरून उलटा करते, उलटी बाजू निरखते आणि तोंडातल्या तोंडात फंदे, म्हणजे टाके, मोजत निघून जाते. नमुना उलट्या बाजूनेच कळतो. पहिल्यांदा मी घाबरले होते. नंतर मीही बाजारात लोकांचे स्वेटर उलटे करू लागले.

पण रानजाई, तुझ्या प्रश्नाबद्दल एक सांगते. आम्ही दोन-तीन वर्षांनी बदलून जाणारे लोक. कँटोनमेंटच्या आतल्या बायका पहिल्याच दिवशी गळ्यात पडतात, कारण सगळ्याच जाणाऱ्या. बाहेरच्या, कायमच्या राहणाऱ्या बायका मात्र हातचं राखून असतात. वाईटपणा नसतो त्यात. दर खेपेला जीव लावायचा आणि ट्रक आला की रडायचं, हे किती वेळा करणार त्या? तुझ्या गावात तेलवाल्यांचं येणं-जाणं किती आहे ते बघ जरा.

मीठभाकरी
फौजीणताई, काठ उलटा करणारी बाई डोळ्यांसमोर आली :)

माझी गोधडीची गोष्ट. मी कराडची, आता ओहायोत. आमच्याकडे 'वाकळ' म्हणतात. आजीच्या नऊवारी लुगड्यांचे थर, वरून चांगला तुकडा, आणि कडेपासून आत फिरत फिरत जाणारा धावदोरा. फ्रेम नाही, रिंग नाही. जमिनीवर अंथरायची, तिच्यावरच बसायचं आणि शिवत शिवत मागे सरकायचं.

इथल्या क्विल्ट गिल्डमध्ये, म्हणजे गोधड्या शिवणाऱ्यांच्या मंडळात, गेले तर वेगळंच जग. महिन्यातून एक सभा, वर्गणी, चिटणीस, खजिनदार, मागच्या सभेचं इतिवृत्त. तुकडे कापायला गोल पात्याचा कटर, खाली चौकटी आखलेली चटई, आणि पाव इंचाची शिलाई म्हणजे पाव इंचच, सुतभर इकडेतिकडे नाही. सभेच्या शेवटी ज्याने त्याने आपलं काम उभं राहून दाखवायचं. मी वाकळ नेली. टाके तिरके, तुकडे वाकडे, एका कोपऱ्यात लुगड्याचा फाटका भाग रफू केलेला. मनात म्हटलं, आज शोभा होणार.

एक ऐंशीच्या पुढची बाई उठून आली, चष्मा काढला आणि तो रफू बोटाने चाचपत राहिली. म्हणाली, माझी आई पिठाच्या पोत्यांच्या कापडाची अशीच शिवायची, मंदीच्या काळात. आईची ती गोधडी या बाईने तारुण्यात फेकून दिली होती, लाज वाटायची म्हणून. पुढच्या महिन्यात मला शिकवायला बसवलं. खुर्च्या बाजूला सारून जमिनीवर. निम्म्या जणींना खाली बसता येईना, बसल्या त्यांना उठता येईना. दोघी धरून एकीला उठवतोय, हसतोय, परत दुसरीला.

दाराबाहेर ओळख कधी आली? माझं ऑपरेशन झालं तेव्हा. मी कोणाला सांगितलंही नव्हतं, सभेला गैरहजर राहणार म्हणून चिटणिसांना कळवलं होतं फक्त. घरी आले तर वेळापत्रक तयार. रोज संध्याकाळी एकीचा डबा. सगळे कॅसरोल, सगळ्यांत चीज, तिखट-मीठ नावाला. नवऱ्याने प्रत्येकावर शेंगदाण्याची चटणी घालून खाल्लं. पण दार वाजायचं ना रोज.

एक नियमही सांगते, तो फार कामाचा निघाला: गिल्डमध्ये राजकारण आणि धर्म बोलायचा नाही. बाहेर कोण कोणाला मत देतं मला माहीत आहे आणि ते मला मुळीच पटत नाही. टेबलावर मात्र फक्त कापड.

चकवा
मीठभाकरी, छान लिहिलंय. पण माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात. जिथे राजकारण आणि धर्म बोलता येत नाही त्याला मैत्री म्हणायचं? आपल्याकडे कट्ट्यावर त्यावरच तर भांडतो आपण.

मीठभाकरी
चकवा, आणि त्या कट्ट्यावरचे किती जण आज एकमेकांशी बोलतात?

चकवा
…बरं. पुढचा प्रश्न.

तिरकस_बोका
अंपायरने बोट वर केलंय.

खडीसाखर
सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं मीठ टाकते.

नागपूरहून बेंगळुरूला आले. क्रोशाचा गट ऑनलाइन सापडला, रविवारी सकाळी कब्बन पार्कात भेटायचो. तमिळ, मल्याळी, बंगाली, एक पंजाबी, मी. झाडाखाली चादर टाकून साखळ्या आणि खांबांचे टाके. दुपारपर्यंत उठायचं नाव नाही. पहिलं वर्ष फार सुंदर गेलं. माझ्या बाळाच्या बारशाचं पांघरूण सगळ्यांनी मिळून केलं, एकेकीने एकेक चौकोन.

मग एकीने तोरणं विकायला सुरुवात केली. मग दुसरीने तसंच तोरण थोडं स्वस्त दिलं. मग 'माझा नमुना चोरला' आणि 'नमुना काय तुझ्या बापाचा आहे का, इंटरनेटवर आहे'. रविवारी चादरीवर गप्पा कमी, ऑर्डरी जास्त. नवीन आलेल्या मुलीला टाका शिकवायला कोणी पुढे होईना, उद्या हीच भाव पाडेल म्हणून. सहा महिन्यांत गट संपला.

बायकांनी कमावू नये असं मी म्हणत नाही, तासन्‌तास बसून केलेल्या कामाचे पैसे मिळायलाच हवेत. पण जिथे विक्री होते ती जागा आणि जिथे आपण बसतो ती जागा वेगळी ठेवावी. रानजाई, तुमच्या गटाचं काम हॉस्पिटलला जातं, विकलं जात नाही, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

निळाई
खडीसाखर, पटलं. आमच्याकडे उरलेले मोजे नाताळच्या बाजारात विकतात, पण पैसे एकाच डब्यात आणि डबा चर्चकडे. भांडण मांडीच्या लांबीवरून होतं फक्त.

तिरकस_बोका
कोणाच्या मांडीच्या?

निळाई
मोज्याच्या! पोटरीच्या म्हणायचं होतं. बोक्या, तुला बोलावतं तरी कोण रे?

वाळवण
अवांतर आहे, पण इथे शोभेल.

दूर जाण्यासाठी परदेशच लागतो असं नाही. माझी आजी लग्न होऊन राजापूरकडच्या खेड्यातून पुण्यात आली. तिच्या दृष्टीने ते विलायतेइतकंच लांब. वाड्यात बोलायला सासू आणि नळावरच्या बायका. आजोबांनी तिला सेवासदनात शिवणाच्या वर्गाला घातलं. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सुरू केलेली ही संस्था. बायकांनी शिकावं, स्वतःच्या पायावर उभं राहावं यासाठी शिवण, भरतकाम, परिचारिकेचं शिक्षण असं बरंच काही तिथे चालायचं. आजी मशीन शिकली, पण सांगायची त्यातलं शिवण थोडं आणि वाटेवरच्या गप्पाच जास्त. येता-जाता चार जणी बरोबर चालत. घरी 'शिवण शिकायला जाते' म्हटलं की कोणी अडवत नसे, 'मैत्रिणींना भेटायला जाते' म्हटलं असतं तर अडवलं असतं. त्यातली एक बाई आजी जाईपर्यंत दिवाळीला चकल्या पाठवायची.

हातात काम असलं की बाईला बसायचा परवाना मिळतो, हे माझ्या आजीचं निरीक्षण.

ढ_विद्यार्थी
वाळवण, शेवटचं वाक्य माझ्या सासूबाईंना पाठवलं. अजून निळी टिकच नाही.

शेवटची_लोकल
उशीर झाला, क्षमस्व. नातवाला झोपवण्याची पाळी माझ्याकडे होती.

तुम्ही सगळ्या बायकांबद्दल लिहिताय म्हणून एका म्हाताऱ्याचं ऐका. आयुष्य रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये गेलं. निवृत्त झालो, दोन वर्षांत हिचं निधन झालं, मुलाने मेलबर्नला आणलं. मुलगा-सून दिवसभर बाहेर. मी खिडकीत. अंगणातला कोणता पक्षी किती वाजता येतो हे पाठ झालं.

इथे 'मेन्स शेड' म्हणून प्रकार आहे. नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियात सुरू झाला, २००७ साली त्यांची देशव्यापी संघटना झाली, आज देशभर हजाराहून जास्त शेड आहेत आणि आयर्लंड-ब्रिटनमध्येही पसरलेत. मोठी पत्र्याची शेड, आत करवतयंत्र, लेथ, रंधे, पटाश्या. लोक खेळणी करतात, बाकं दुरुस्त करतात, पॉसम नावाच्या प्राण्याला राहायला झाडावर टांगायची खोकी करतात. त्यांचं ब्रीदच असं की पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून बोलतात. मला सून घेऊन गेली. मी गाडीतून उतरायला तयार नव्हतो.

पहिले काही दिवस यंत्राला हात लावू देईनात, आधी सुरक्षेचे नियम शिकायचे. मी मनात म्हटलं, अरे, मी हयातभर लेथ चालवलाय. गप्प बसलो, रंधा मारत राहिलो. मग मी तिथल्या तांबड्या लाकडाचा, रेड गमचा, पोळपाट केला. लेथवर गोल केला, खाली तीन पाय लावले, तेल पाजलं. सगळे विचारायला लागले, हे काय, चीज ठेवायची पाटी का? दुसऱ्या आठवड्यात सुनेकडून पोळ्या करून नेल्या, तिथेच लाटूनही दाखवली एक. आता मला पोळपाटांच्या ऑर्डरी आहेत. खडीसाखरताई, पैसे घेत नाही, काळजी नसावी!

शेजारी काम करणारा माझ्याच वयाचा इटालियन. वर्षभर आम्ही लाकडाखेरीज काही बोललो नाही. एक दिवस सांधा बसवताना तो एकदम म्हणाला, आज बायकोला जाऊन चार वर्षं झाली. मी म्हटलं, माझ्या तीन. त्याने क्लॅम्प आवळला, मी सांडलेला डिंक पुसला. संध्याकाळी त्याने मला त्याच्या गाडीतून घरी सोडलं आणि तेव्हापासून तोच सोडतो.

रानजाई, बाळ, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर: वेळ लागतो आणि घाई दिसली की माणसं बिचकतात.

फौजीण
काका _/\_

तिरकस_बोका
मी यावर विनोद करणार नाही. टोरंटोत शेड आहे का बघतो.

चकवा
लोकल काका, दंडवत. माझे वडील दर वर्षी सिंगापूरला आमच्याकडे येतात आणि तिसऱ्या दिवशी तिकीट बदलता येईल का विचारतात. इथे असलं काही आहे का, कोणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. (आणि हो, मंडळाचा हट्ट जरा बाजूला ठेवतोय. सोडलेला नाही.)

खडीसाखर
धागाकर्ती कुठे गेल्या? आपणच बोलत बसलोय.

रानजाई
आहे, आहे. सगळं वाचत होते, लिहायला काहीतरी घडायची वाट बघत होते. घडलं.

फौजीणताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी गटात सरळ विचारलं. सरळ म्हणजे तसं नाही, माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंना विचारलं, आमच्यासारख्या तेलवाल्यांच्या बायका आधीही येत होत्या का इथे? त्यांनी विणणं थांबवलं नाही. म्हणाल्या, हो, खूप. एक टेक्सासची होती, एक नॉर्वेची, एक नायजेरियाची. नॉर्वेच्या बाईने इथल्या निम्म्या जणींना दोन रंगांचं काम शिकवलं. मग कंत्राटं संपली. सुरुवातीला सगळ्यांना निरोपाची जेवणं दिली, पत्रं लिहिली. मग तेलाचे भाव पडले त्या वर्षी एकदम तीन-चार जणी गेल्या. 'त्यानंतर आम्ही चहापुरतंच ठेवलं.' एवढंच.

मला वाटत होतं माझ्यातच काही कमी आहे. उच्चार, वय, रंग, काय काय मनात आणलं होतं.

मग मीच बोलावलं. जेवायला नाही, तेवढं अंगावर येईल असं वाटलं. शनिवारी तीन ते पाच चहा, सुया घेऊन या. सहा जणींना सांगितलं, तिघी आल्या. एकीने आधीच सांगितलं होतं की पायऱ्या चढवत नाहीत. दोघी का आल्या नाहीत माहीत नाही, मंगळवारी त्यांनी विषय काढला नाही आणि मीही काढला नाही.

शेजारच्या बाई एक गॅन्सी घेऊन आल्या. हा इथल्या कोळ्यांचा स्वेटर. पाच सुयांवर गोल विणतात, शिवण कुठेच नाही, वीण इतकी घट्ट की वारा आत शिरत नाही. त्यांच्या आजीने विणलेला. ती आजी 'हेरिंग गर्ल' होती, म्हणजे हेरिंग नावाच्या माशांवर काम करणारी. या मुली हंगामभर माशांच्या मागे फिरत, उन्हाळ्यात शेटलंडपासून सुरुवात आणि शरदात खाली इंग्लंडमध्ये ग्रेट यार्मथपर्यंत. तिघी-तिघींची टोळी, दोघी मासे साफ करणाऱ्या, एक पिंपात मिठाचे थर लावणारी. सुरी लागू नये, मीठ झोंबू नये म्हणून बोटांना चिंध्या बांधलेल्या. आणि हात जरा मोकळे झाले की त्याच बोटांनी विणकाम, चालता चालतासुद्धा. घरापासून शेकडो मैल लांब, दर वर्षी. आमच्या घरातला सगळ्यात लांब राहिलेला माणूस ती, असं बाई म्हणाल्या. स्वतः त्या आयुष्यभर याच गावात.

त्याची बाही त्यांनी मला दाखवली. खांद्यापासून खाली मनगटाकडे विणत आणतात. म्हणजे मनगट झिजलं की तेवढंच उसवायचं आणि पुन्हा विणायचं, बाकीच्या स्वेटरला धक्का नाही. या बाहीचं मनगट तीनदा बदललेलं आहे, निळ्याच्या तीन छटा स्पष्ट दिसतात.

जाताना त्यांनी विचारलं, तुमचं कंत्राट किती दिवसांचं? मी खरं सांगितलं, पुढच्या मार्चपर्यंत, पुढचं माहीत नाही. त्या 'हं' म्हणाल्या. आणि चिवडा कागदात बांधून मागितला.

शेवटची_लोकल
'हं' चांगला आहे. आमचा इटालियनही वर्षभर 'हं'च म्हणायचा.

मीठभाकरी
मनगटाची युक्ती झकास. आमच्या वाकळीलाही असंच, वरचा थर विरला की नवा चढवायचा. आत किती लुगडी आहेत हे कोणालाच माहीत नसतं.

खडीसाखर
रानजाई, न आलेल्या दोघींना मुद्दाम विचारू नका, पण पुढच्या वेळी पुन्हा सांगा. पहिल्या बोलावण्याला न येणारी माणसं आमच्याकडेही होती, दुसऱ्याला आली.

चकवा
चिवडा कशाचा केलात? तिकडे पातळ पोहे मिळतात?

रानजाई
चकवा, जाड मिळतात, पातळ नाही. कॉर्नफ्लेक्सचा केला. साखर न लावलेले घ्यायचे. कढीपत्ता भारतीय दुकानात गोठवलेला मिळतो.

वाळवण
कॉर्नफ्लेक्सच्या चिवड्याला खोबऱ्याचे काप जास्त घाला आणि हळद फोडणीतच. वरून घातली तर नुसती हात पिवळे करते. विणणाऱ्यांच्या लोकरीला लागेल.

फौजीण
पांढऱ्या बाळटोपीला हळद! रानजाई, चमचे ठेव बाई. आणि त्या बाहीचा उलट्या बाजूने फोटो काढता आला तर बघ. नमुना मी काढून देते.

तिरकस_बोका
घ्या, अ‍ॅबर्डीनपर्यंत काठ उलटे करायला निघाल्या.

ढ_विद्यार्थी
इथे पोर्तोत एका लोकरीच्या दुकानात गुरुवारी बसतात असं कळलं. जाऊन आले. फौजीणताईंचं ऐकून म्हटलं, मला काही येत नाही, गुंडे करून देते. दुकानदार बाईंनी लगेच खुर्ची दिली आणि गुंतलेल्या लड्यांची अख्खी टोपली समोर ठेवली. संपेपर्यंत मी या शहरात नक्की आहे.

चकवा
व्यनि एकही आलेला नाही. सिंगापूर, सुतारकाम, वडील वय ७१, मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्ही येतं, स्वभाव माझ्यासारखा. कोणी आहे का?

तिरकस_बोका
स्वभावाचं लिहायला नको होतं.